दोन तासांत भरणारी बॅटरी

अमेरिकेतली आरव्ही म्हणजे चाकांवरचे पूर्ण बिऱ्हाड. ओटा, फ्रीज, झोपायच्या जागा, न्हाणीघर, थंडीसाठी प्रोपेनवर चालणारा हीटर, उन्हाळ्यासाठी छतावर एसी, आणि मोठ्या गाड्यांच्या पोटाशी बसवलेला चार हजार वॅटच्या आसपासचा जनरेटर. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही सुट्टीत अशी गाडी भाड्याने घेऊन यलोस्टोन किंवा योसेमिटीकडे निघतात, आणि काहीजण पुढे स्वतःची गाडी घेतात. गाडी स्वतःची झाली की पहिली दोनतीन वर्षे सरता सरता बॅटऱ्या बदलायची वेळ येते, आणि मग जो तो एकच प्रश्न विचारतो : किती एएचच्या घ्यायच्या? एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप. आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले तेव्हा हाच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, दीडशे एएचची ट्युब्युलर घ्या म्हणजे पंखे-दिवे रात्र काढतील, असा हिशेब. घरच्या इन्व्हर्टरला तो पुरतो, कारण वीज परत आली की बॅटरीला भरायला उरलेला दिवस मोकळा असतो. जनरेटरवर अवलंबून असलेल्या आरव्हीला तो मोकळा दिवस मिळत नाही. म्हणून अशा गाडीसाठी बॅटरी निवडताना किती मावते हे नंतर पाहावे आणि जनरेटर लावायची मुभा असते तेवढ्या वेळात ती किती भरून घेते हे आधी पाहावे, असे माझे म्हणणे आहे. बॅटरीचा प्रकार, चार्जरचा आकार, केबलची जाडी, एवढेच काय पण सोलर लावायचे की नाही, हे सगळे निर्णय याच एका प्रश्नातून सुटत जातात.

गाडीतली रचना थोडक्यात सांगायला हवी. आरव्हीत दोन वेगळ्या बॅटरी-व्यवस्था असतात. एक इंजिन चालू करण्यासाठी, आणि दुसरी घराच्या भागासाठी. या लेखाचा विषय दुसरी. इंजिनची बॅटरी काही सेकंद प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते, तिच्या प्लेट पातळ आणि पुष्कळ असतात. ती रोज अर्धी रिकामी केली तर काही महिन्यांतच संपते. घराच्या बॅटरीला जाड प्लेट लागतात, कारण तिला तासन् तास थोडा थोडा करंट द्यायचा असतो. कॅम्पिंगच्या तळावर वीजजोडणी असेल तर कन्व्हर्टर नावाचे यंत्र १२० व्होल्टची वीज १२ व्होल्टची करून दिवे, पंप चालवते आणि बॅटरीही भरते. जोडणी नसेल तेव्हा हेच काम जनरेटरच्या जोरावर होते. उलट दिशेने, बॅटरीतून मायक्रोवेव्ह किंवा लॅपटॉप चालवायला इन्व्हर्टर. कन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर वेगवेगळे असतील तर इन्व्हर्टर सगळ्या गाडीला वीज देत असताना कन्व्हर्टर बंद ठेवावाच लागतो. नाहीतर बॅटरी इन्व्हर्टरला, इन्व्हर्टर कन्व्हर्टरला आणि कन्व्हर्टर पुन्हा त्याच बॅटरीला वीज देत राहतो आणि या फेऱ्यात ती उष्णता होऊन वाया जाते.

आता जनरेटरच्या वेळेकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा पाया तिथे आहे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या तळांवर जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढ्याच वेळात, तोही जपून लावावा असा नियम आहे. यलोस्टोनमध्ये मोठ्या तळांवर दिवसा मुभा असते, पण लुईस लेक किंवा स्लू क्रीकसारख्या छोट्या तळांवर पूर्ण मनाई. राष्ट्रीय उद्यानांच्या केंद्रीय नियमांत १५ मीटरवरून ६० डेसिबलपेक्षा मोठा आवाज चालत नाही, म्हणजे बांधकामावर वापरतात तसला उघडा जनरेटर आणून काम भागत नाही. हे निर्बंध योग्यच आहेत. माणसे तिथे झाडांतला वारा ऐकायला येतात. योसेमिटीचे कागदावरचे सहा तास पुष्कळ वाटतात. पण दुपारी १२ ते २ या वेळात कुटुंब दरीत किंवा धबधब्यापाशी असते, आणि गाडीत कोणी नसताना जनरेटर चालू ठेवून जाणे धोक्याचे आहे. हातात राहतात सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास. शेजारच्या तंबूत लहान मूल झोपलेले असेल तर सभ्य माणूस त्यातलाही एखादा सोडून देतो. ज्या गावात नळाला दिवसातून तासभरच पाणी येते तिथली गृहिणी टाकी किती मोठी यापेक्षा नळाची धार आणि हंड्याचे तोंड पाहते, कारण तासाभरात जेवढे आत गेले तेवढेच दिवसभराचे. आरव्हीच्या बॅटरीचा हिशेब नेमका असाच मांडायला हवा.

बहुसंख्य आरव्हींत आजवर वापरात असलेली बॅटरी शिसे आणि आम्लाची, म्हणजे लेड-अ‍ॅसिड. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ती पहिल्यांदा बनवली, आणि मूळ रसायन आजही तेच आहे. जाणकार आरव्हीवाले गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांसाठी बनवलेल्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट करतात. या जातीतली ट्रोजन कंपनीची टी-१०५ प्रसिद्ध आहे : २२५ एएच, आणि एकेकीचे वजन सुमारे २८ किलो. हा २२५ चा आकडा २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा. तिच्यातून ७५ अँपिअर ओढले तर ती ११५ मिनिटे टिकते, म्हणजे हाती येतात साधारण १४४ एएच. जोरात ओढले की लेड-अ‍ॅसिड बॅटरीची क्षमता घटते, हे जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्टने १८९७ साली सूत्रात मांडले. शिवाय ती नेहमी निम्म्याच्या खाली नेली तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते, म्हणून वापरायला मोकळे ११० एएचच धरायचे. थंड रात्रीच्या एका दिवसाचा खर्चही जवळजवळ तेवढाच येतो. हीटर प्रोपेनवर चालला तरी त्याचा पंखा ७-८ अँपिअर खातो आणि रात्रभरात ३० एएच सहज संपवतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज दिवसाला ५० च्या आसपास घेतो. दिवे, पंप, फोन-लॅपटॉप आणि मायक्रोवेव्हची पाचदहा मिनिटे मिळून आणखी तीसेक. इथपर्यंत सगळे जमते आहे असे वाटते. २२५ एएचची जोडी, निम्मा खर्च, सकाळी जनरेटर.

पण सकाळी सात वाजता जनरेटर लावला की अडचण दिसू लागते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला भरतानाचे दोन टप्पे असतात. साधारण ८० टक्क्यांपर्यंत ती मिळेल तो करंट घेते, अर्थात तिच्या मर्यादेत. आणि जिच्यात अधूनमधून पाणी घालावे लागते त्या साध्या, म्हणजे पाण्याच्या बॅटरीची मर्यादा क्षमतेच्या १० ते २० टक्के, म्हणजे २२५ एएचच्या जोडीला फार तर ४५ अँपिअर. त्यापुढे व्होल्टेज १४.४ ते १४.८ ला स्थिर ठेवावे लागते आणि बॅटरी स्वतःच करंट कमी कमी घेत जाते. चार्जर कितीही मोठा आणला तरी या दुसऱ्या टप्प्यात तो घाई करू शकत नाही. प्लेटच्या आतल्या भागापर्यंत रासायनिक क्रिया पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. निम्म्यावरून ८० टक्क्यांपर्यंत जायला पावणेदोन तास, आणि उरलेल्या वीस टक्क्यांना तीन ते चार तास. म्हणजे सकाळची दोन तासांची मुभा संपते तेव्हा बॅटरी ८० ते ८५ टक्क्यांवर असते. संध्याकाळी पुन्हा तेच. दिवसाचा खर्च कसाबसा भरून निघतो, पण बॅटरी आठवडाभरात एकदाही पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि मग ते चार्ज करूनही विरघळत नाहीत. २२५ ची बॅटरी दोन हंगामांत १५० ची होते, आणि मालक समजतो की बॅटरी कमी पडली, पुढच्या वेळी आणखी दोन घ्याव्यात. चार घेतल्या तर पहिल्या टप्प्यात करंट दुप्पट घेता येतो हे खरे, पण शेवटच्या टप्प्याचे तास तसेच राहतात आणि पूर्ण न भरणाऱ्या बॅटऱ्यांचे वजन मात्र ५६ किलोवरून ११२ किलो होते.

या सगळ्यात जनरेटरचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. शेवटच्या टप्प्यात बॅटरी दहा अँपिअर घेत असेल तर जनरेटरवर भार पडतो तो जेमतेम १७० वॅटचा. चार हजार वॅटचे इंजिन एवढ्यासाठी फिरवायचे म्हणजे तासाला लिटरभर पेट्रोल जाळून एक-दोन पंख्यांएवढी वीज मिळवायची. असे तासन् तास हलक्या भारावर चालवणे यंत्रालाही मानवत नाही, आत काजळी धरते, डिझेल जनरेटरमध्ये तर इंधन नीट जळतच नाही. म्हणूनच महिन्यातून एकदा तरी जनरेटर निम्म्या भारावर चालवा अशी उत्पादकांची सूचना असते. त्यात अनेक जुन्या गाड्यांमधले कन्व्हर्टर १३.६ व्होल्टवर कायमचे बांधलेले असतात. दिवे चालवायला ते ठीक, पण त्या व्होल्टेजवर बॅटरी भरायला दिवसच्या दिवस लागतात. पन्नास डॉलरचे पेट्रोल जाळून बॅटरी भरली नाही अशी तक्रार जिथे असते तिथे बॅटरीपेक्षा हा कन्व्हर्टर आधी तपासावा. त्याच्या जागी टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलणारा चार्जर बसवणे हा या गाडीवर करायचा पहिला खर्च आहे, नवीन बॅटरी त्यानंतर.

एजीएम जातीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी यात मधली वाट काढते. तिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटयांत शोषलेले असते, पाणी घालावे लागत नाही, आणि ती पाण्याच्या बॅटरीपेक्षा दुप्पट करंट आनंदाने घेते. पण शेवटच्या वीस टक्क्यांचा रेंगाळ तिच्यातही राहतोच. तो रेंगाळ खऱ्या अर्थाने मोडला लिथियम आयर्न फॉस्फेटने, ज्याला बाजारात एलएफपी म्हणतात. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी या पदार्थावरचे काम १९९७ साली प्रसिद्ध केले. लिथियम बॅटरीतल्या एकूण कामासाठी गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल मिळाले. मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा ही जात स्वभावाने बरीच शांत आहे, सहजी पेट घेत नाही. आरव्हीच्या दृष्टीने तिचे तीन गुण महत्त्वाचे. ती क्षमतेच्या निम्मा करंट, म्हणजे २०० एएचला १०० अँपिअर, जवळजवळ भरत येईपर्यंत सारख्या वेगाने घेते. ती ऐंशी-नव्वद टक्के रिकामी केली तरी हजारो वेळा भरता येते. आणि तिसरा गुण, ज्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते : तिला अर्धवट भरलेले राहण्याचे काहीच दुःख नाही. तिच्यात सल्फेटचा प्रश्नच नसल्यामुळे आठवडाभर ४० आणि ८० टक्क्यांच्या मध्ये फिरत राहिली तरी बिघडत नाही. २०० एएचची एलएफपी आणि १०० अँपिअरचा चार्जर असला तर आदल्या दिवशीचे शंभर एएच तासाभरात परत आत जातात. जनरेटरवर १७०० वॅटचा भार पडतो, तोही नीट चालतो. सात वाजता लावलेला जनरेटर सव्वाआठला बंद, आणि पुढचा पूर्ण दिवस शेजाऱ्यांना शांतता.

यावर पहिला आक्षेप किमतीचा येतो, आणि तो काही वर्षांपूर्वी बिनतोड होता. शंभर एएचच्या एका एलएफपी बॅटरीला हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. आज तीनशे डॉलरच्या आतही ती मिळते. सर्वच स्वस्त बॅटऱ्या सारख्या विश्वासाच्या नसतात हे मान्य, तरी आतला फरक बहुधा बीएमएसमध्ये असतो, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरज पडल्यास बॅटरीची जोडणी तोडणाऱ्या सर्किटमध्ये. तेव्हा घेताना त्याची माहिती मागावी. मुख्य मुद्दा असा की किंमत एएचवर न लावता वापरता येणाऱ्या एएचवर लावावी, आणि जनरेटरचे तासही त्यात धरावेत. रोज चार तासांऐवजी सव्वा तास जनरेटर चालला तर पेट्रोल वाचते, तेल बदलण्याचे अंतर वाढते, इंजिनचे आयुष्य वाढते. हे बॅटरीच्या बिलावर छापलेले नसते, म्हणून हिशेबातून निसटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : छतावर सोलर लावले तर जनरेटरची आणि त्याच्या वेळांची चिंताच कशाला? अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसा येथे सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा लांब मुक्काम करता येतो, आणि तिथे हिवाळा काढणाऱ्या असंख्य गाड्या सोलरवरच राहतात. तिथल्या कोरड्या, उघड्या आकाशाखाली ४०० वॅटचे सपाट पॅनेल हिवाळ्यातही दिवसाला ९०-१०० एएच देते. अशा माणसाला मी एलएफपी घ्याच असे म्हणणार नाही. पाण्याची बॅटरी आणि सोलर यांची जोडी फार चांगली जमते, कारण शेवटच्या वीस टक्क्यांसाठी जो संथ, तासन् तास टिकणारा, थोडासा करंट लागतो तो देण्यात सूर्याचा हात कोणी धरू शकत नाही. सकाळी जनरेटरने ८० टक्क्यांपर्यंत न्यायचे आणि उरलेले उन्हावर सोडायचे, ही जुनी, शहाणी पद्धत आहे, आणि ज्याच्याकडे चांगल्या अवस्थेतल्या गोल्फ-बॅटऱ्या आहेत त्याने त्या टाकून देण्याऐवजी दोन पॅनेल चढवणे स्वस्त पडेल. पण योसेमिटीच्या उंच पाइन वृक्षांखाली गाडी उभी असेल तर छतावर दिवसातून दोनतीन तासच ऊन पोचते, आणि पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा उत्पादन बरेच पाडते. सावली तर उन्हाळ्यात सगळ्यांना हवी असते. तिथे पुन्हा जनरेटरचा तास आणि बॅटरीचा वेग यांवरच सगळे येऊन ठेपते.

तिसरे म्हणणे असते की जनरेटर आहेच, मग बॅटरी छोटी का असू नये, लागेल तेव्हा जनरेटर लावू. हे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. अनेक मोटारगाड्यांत जनरेटरचा स्टार्टर घराच्याच बॅटरीवर चालतो. रात्री हीटरच्या पंख्याने ती पार उतरवली की पहाटे जनरेटर उठत नाही. त्यासाठी इंजिनची बॅटरी तात्पुरती जोडणारे बटण डॅशबोर्डवर असते, पण ते आणीबाणीचे साधन आहे, रोजची सवय नव्हे. पेट्रोलच्या गाड्यांत जनरेटरची नळी टाकीच्या तळापर्यंत जात नाही. साधारण पाव टाकी उरली की जनरेटर बंद पडतो, म्हणजे मालक रानात इंधनावाचून अडकत नाही. आणि रात्री जनरेटर चालू ठेवून झोपण्यात कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. हा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि वारा फिरला तर शेजारच्या गाडीचा धूरही आपल्या खिडकीतून आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे बॅटरीच्या सगळ्या चर्चेआधी पाहायला हवे. रात्र बॅटरीवरच निघाली पाहिजे; बॅटरीचा आकार ठरवायचा तो या एका गरजेवरून.

बसवण्याचे काम मात्र घाईचे नाही. १०० अँपिअरचा करंट हा मोठा करंट आहे. चार्जर आणि बॅटरी यांत जाऊन-येऊन सहा मीटर केबल असेल आणि ती २५ चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच सुमारे ०.४ व्होल्ट गळतात, चार्जर १४.४ देतो आणि बॅटरीला मिळतात १४. जाड, ७० चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती ०.१५ वर येते. तांब्यावर काटकसर केली की महागड्या चार्जरचा वेग तिथेच हरवतो. म्हणून चार्जर बॅटरीच्या शक्य तितका जवळ, पण पाण्याच्या बॅटरीच्या त्याच बंद कप्प्यात कधीच नको, कारण ती भरताना हायड्रोजन सोडते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. एलएफपी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपिअर फेकते, साधा फ्यूज वितळूनही आतल्या आत ठिणगी धरून ठेवू शकतो. यासाठी क्लास-टी जातीचा, २०,००० अँपिअर तोडण्याची ताकद असलेला फ्यूज वापरतात. दोन बॅटऱ्या समांतर जोडताना धन तार एकीवरून आणि ऋण तार दुसरीवरून घ्यावी, म्हणजे दोघींवर सारखा भार पडतो. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नये. आणि ऋण बाजूला करंट मोजण्यासाठी शंट बसवून मॉनिटर लावावा, जो आत गेलेले आणि बाहेर आलेले एएच मोजत राहतो. एलएफपीचे व्होल्टेज १३.२-१३.३ च्या आसपास इतके स्थिर असते की नुसत्या व्होल्टमीटरवरून ती ७० टक्के आहे की ४०, हे कळतच नाही.

मोठा चार्जर घेताना जनरेटरची ताकदही तपासावी लागते, आणि इथे डोंगर आडवा येतो. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनची शक्ती दर ३०० मीटरला सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. यलोस्टोनचे पठार सरासरी २४०० मीटरवर आहे. तिथे ४००० वॅटच्या जनरेटरकडून ३००० वॅटसुद्धा निघणे कठीण. एसी चालताना १५०० वॅट घेतो आणि सुरू होताना क्षणभर कितीतरी अधिक, त्यावर चार्जरचे १७०० आले की जनरेटर धडपडून बंद पडतो. म्हणून चार्जिंगचा करंट कमी-जास्त करण्याची सोय असलेला इन्व्हर्टर-चार्जर घ्यावा, आणि उंचीवर गेल्यावर तो ६०-७० अँपिअरवर आणावा. गाडी चालताना अल्टरनेटरवरून बॅटरी भरायची असेल तर तिथेही काळजी हवी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही मिनिटांत करंट कमी करत जाते, अल्टरनेटरला विसावा मिळतो. एलएफपी तासभर सारखी ओढत राहते आणि अल्टरनेटर जळू शकतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर बसवला की हा प्रश्न मिटतो.

राहिला थंडीचा आक्षेप, आणि तो पूर्ण खरा आहे. शून्य अंशाखाली एलएफपी भरायला घेतली तर लिथियम धातूच्या रूपात आतल्या पट्टीवर साचतो आणि नुकसान कायमचे होते. चांगला बीएमएस अशा वेळी चार्जिंग रोखतो. पण मग बर्फाळ पहाटे जनरेटर चालू असूनही बॅटरी भरत नाही. त्यामुळे अशी बॅटरी बाहेरच्या कप्प्यातून उचलून घराच्या उबेत, पलंगाखाली किंवा बाकाखाली बसवतात, किंवा आत हीटिंगची पट्टी असलेली घेतात. गाडी मिनेसोटासारख्या थंड राज्यात बाहेर उभी राहणार असेल आणि बॅटरी आत आणणे शक्य नसेल, तर एजीएमच बरी. पाण्याची बॅटरीही थंडीत निर्धास्त नाही : भरलेली असेल तर टिकते, पण पूर्ण उतरलेली उणे १० अंशांच्या आसपासच गोठून फुटू शकते.

आपल्याकडे प्रश्न उलट टोकाचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि अशा गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. इथे थंडी बॅटरीला मारत नाही, ऊन मारते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, आणि एप्रिलमध्ये विदर्भात उभ्या गाडीच्या बंद कप्प्यात ५० अंश सहज होतात. एलएफपीलाही हे मानवत नाही, पण ती थोडी अधिक सोसते. तेव्हा इथल्या गाडीत बॅटरी इंजिनपासून आणि उन्हाच्या बाजूपासून दूर, हवा खेळती राहील अशी ठेवणे हे करंटच्या हिशेबाइतकेच महत्त्वाचे आहे. एसीची अपेक्षा मात्र तिच्याकडून ठेवू नये. १५०० वॅटचा एसी १२ व्होल्टवरून १३० अँपिअरपेक्षा जास्त ओढतो, २०० एएचची एलएफपी दीड तासात तळाला जाते, आणि रात्रभर जनरेटर चालवून झोपणे इथेही तेवढेच घातक आहे. कोकणातल्या दमट रात्री एसी हवाच असेल तर मुक्कामाची जागा ठरवतानाच तिथे १५ अँपिअरचा नीट अर्थिंग केलेला सॉकेट आहे का, हे विचारून घ्यावे.